लाय थिएनफूची पुतणी

आधी गुडघे ओळखले मी, चेहरा मागाहून. गिऱ्हाईक स्टुलावर उभं होतं, मी खाली बसून त्याच्या पँटच्या मोहरीला टाचण्या लावत होते, आणि वेळ जावा म्हणून तो खिशातलं कसलंसं माहितीपत्रक काढून वाचत होता. ते बरोबर माझ्या नाकासमोर लोंबत होतं, त्यामुळे न बघण्याचा प्रश्नच नव्हता. जुना काळा-पांढरा फोटो. खुर्चीवर एक माणूस, शेजारी बाई, माणसाच्या मांडीवर एक गुबगुबीत पोर, आणि खुर्चीच्या बाजूला एक काटकुळी मुलगी, तिचे दोन्ही गुडघे खरचटलेले. उजव्या गुडघ्यावरची खपली मी फोटोच्या आदल्याच दिवशी नखाने काढली होती आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. तो माझा गुडघा पन्नासएक वर्षांनी तैपेईच्या एका गल्लीत, माझ्याच आल्टरेशनच्या दुकानात, एका परक्या माणसाच्या हातात. फोटोखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: खाणकामगार लाय थिएनफू, पत्नी, कन्या पीश्या आणि पुतणी. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओरडले नाही, एवढंच. पीश्याला नाव होतं. आईलाही नव्हतं म्हणा, पण ती निदान पत्नी तरी होती. मी त्या माणसाला म्हटलं, "जरा बघू." तो म्हणाला, "ठेवा ना तुम्हाला, आम्ही मागच्या रविवारी जाऊन आलो. खाणीचं सगळं गाव छान जपलंय हो, संग्रहालय करून. आणि ती गाईड बाई काय सांगते! स्वतः खाणकामगाराची मुलगी आहे." मी म्हटलं, "हो का?" आणि त्याची डावी मोहरी अर्धा इंच आखूड करून ठेवली. मुद्दाम नाही केलं, पण वाईटही वाटलं नाही.

आता हे सांगायला हवं. मी माझ्या बापाला काका म्हणत असे. आमच्याकडे हे जगावेगळं नव्हतं. बापाचं आणि मुलाचं नशीब एकमेकांना आडवं गेलं की ज्योतिषी सांगायचा, पोराला बाबा म्हणू देऊ नका, काका म्हणू द्या. वर जे कुणी कान देऊन बसलेले असतात त्यांना वाटलं पाहिजे की हे पोर ह्या माणसाचं नाहीच. आमच्या चिनकेंग गावात आणखी दोन घरांत अशी मुलं होती. पण त्यांची भावंडंही काका म्हणायची, सगळी सारखीच. आमच्या घरात मी काका म्हणायची आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकटी पीश्या बाबा म्हणायची. का, ते आजी, म्हणजे बापाची आई, कुणी विचारो न विचारो सांगत असे, "ही थोरली बापाच्या मुळावर आलीय. धाकटीचं नशीब स्वच्छ आहे." सोन्याच्या खाणीच्या गावात हे असं बोलणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. तिथे बायका नवऱ्याला कधी परत येणार हेसुद्धा विचारत नसत. शिफ्टचा भोंगा होऊन गेला, बाकीचे पुरुष काळी तोंडं घेऊन पायऱ्या उतरून आले, आणि लाय थिएनफूला दहा मिनिटं उशीर झाला, की आजी दाराबाहेर बघत नसे, माझ्याकडे बघत असे. मी सात-आठ वर्षांची. भिंतीला टेकून बसायचे आणि मनात म्हणायचे, काका, काका, काका, शंभर वेळा, म्हणजे वरच्यांच्या कानावर नीट जावं. तो आला की पीश्या "बाबा" करून त्याच्या पायांना मिठी मारायची आणि मी त्याची चप्पल आणून ठेवायचे. पुतणीने ठेवावी तशी.

शनिवारी दुकान बंद ठेवलं. कीलुंगपर्यंत आगगाडी, पुढे बस. बस डोंगर चढायला लागली तसा पाऊस सुरू झाला, तिथे तो असतोच, त्याचं कुणी काही वाटून घेत नाही. माझ्यापुढच्या सीटवर दोन तरुण बायका होत्या, त्यांच्या हातात तेच पत्रक. एक दुसरीला म्हणाली, "ही पुतणी कशी बघतेय बघ, कुणी उसनी आणल्यासारखी." दोघी हसल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. मला पीश्याचा हेवा वाटतो हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण स्वतःशी लपवत बसण्याएवढी मी भाबडीही नाही. तिची शाळेतली नोकरी, तिचं कीलुंगचं समुद्राच्या बाजूचं घर, तिचा न घोरणारा नवरा, ह्यातल्या कशाचाही नाही. ती दर नववर्षाला येते, फळांची पेटी आणते, मी तिच्या मुलीचे ड्रेस फुकट शिवून देते, आम्ही हसतो-बोलतो. हेवा वाटतो तो फक्त त्या एका शब्दाचा. तिने तो तोंडात येईल तितक्या वेळा वापरला, भूक लागली म्हणून, पावसाळी बूट फाटले म्हणून, उगीचच. ती दहा महिन्यांची असताना पहिल्यांदा "बाबा" म्हणाली तेव्हा मी तिथेच होते. तो जेवत होता. त्याने वाटी खाली ठेवली, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, आणि उठून मागच्या अंगणात गेला. आई म्हणाली, "अहो, भात निवतोय." बराच वेळ आला नाही. मी पीश्याच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. ती रडली, आणि रडतानाही तेच म्हणाली.

आणि मग ते इस्पितळ. खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली होती, ती बसतेच, एकेकाच्या बसायला वीस वर्षं लागतात इतकंच. खाण बंद पडून सहा वर्षं झाली होती. मी तैपेईहून आले होते, पीश्या खाली औषधं आणायला गेली होती, आणि त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. तो जागा होता. मी म्हटलं, "काका, पाणी देऊ?" मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की आता तो म्हणेल, आता तर मी चाललोच आहे, आता काय बिघडतंय, एकदा म्हण. मी वाट बघत होते. खरंच सांगते, पेला हातात धरून मी वाट बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि डोळे मिटून घेतले. पीश्या वर आली, "बाबा, हे बघा काय आणलंय," आणि त्याने डोळे उघडले. त्यानंतर तो तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत तिने तो शब्द किती वेळा म्हटला ते मी मोजलं होतं, आणि एवढं हलकट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

चिनकेंगला मी त्यानंतर गेलेच नव्हते. आमची ओळ त्यांनी अगदी तशीच ठेवली होती, लाकडी भिंती, छपरावर डांबराचा काळा कागद; फक्त आमचं छप्पर गळायचं आणि ह्यांचं गळत नव्हतं. पायऱ्यांना लोखंडी कठडे आले होते. जिथे आमचा सार्वजनिक नळ होता तिथे डबा विकत होते, खाणकामगाराचा डबा, भातावर तळलेला डुकराच्या मांसाचा तुकडा, कापडात बांधून. आमच्या डब्यात रताळं असायचं आणि मोहरीच्या पानांचं लोणचं. मांसाचा तुकडा ज्या दिवशी असे त्या दिवशी वास पुऱ्या ओळीला कळत असे. आमच्या घराच्या दाराशी छत्र्यांची गर्दी होती आणि आतून पीश्याचा आवाज येत होता; शाळेतून निवृत्त झाल्यावर ती इथे गाईड झालीय हे मला माहीत होतं. गळ्यात माईक अडकवलेला, वर्गात यायचा तसाच आवाज. मी मागे उभी राहिले. माझी झोपायची फळी दिसत होती. तिच्यावर कुणीतरी नवी रजई घडी घालून ठेवली होती, तसली रजई आमच्या घरात जन्मात नव्हती. "आणि मी," पीश्या सांगत होती, "रोज दुपारी बाबांचा डबा घेऊन बोगद्याच्या तोंडापर्यंत जायची. आत बायकांनी, मुलींनी जायचं नाही, तिथे पांढऱ्या दगडांची रेघ होती. मी रेघेच्या अलीकडे उभी राहून हाक मारायची. बाबा डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवायचे."

टोपीचं खरं होतं. एकदा, एकदाच, आई तिला घेऊन आली होती तेव्हा. पण रोज डबा नेणारी मी. सहा वर्षं. रेघेच्या अलीकडे उभी राहून मी हाक मारायची, "काका!" आणि आतले पुरुष एकमेकांना सांगायचे, "थिएनफू, तुझी पुतणी आली रे." ते चेष्टेने नाही म्हणायचे, खाणीत तर त्याने तेच सांगून ठेवलं होतं, भावाची पोर आहे म्हणून. तो यायचा, डबा घ्यायचा, माझ्याकडे बघायचाही नाही, आणि परत आत जायचा. मी तिथेच थांबायचे, त्याच्या दिव्याचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत. ती चढण, ते गरम झालेलं डब्याचं कापड, तो ठिपका, हे एवढंच माझं होतं, आणि तेही ही बाई माईकवरून वाटून टाकत होती. लोक फोटो काढत होते. एक म्हातारा डोळे पुसत होता. मी छत्री मिटली आणि सरळ पुढे गेले.

पीश्याने मला बघितलं आणि तिचा आवाज चाचरला. "दहा मिनिटं फिरून बघा हं सगळ्यांनी," तिने लोकांना सांगितलं, आणि मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. "ताई! अगं कळवायचं नाही का? जेवलीस?"

"डबा कोण नेत होतं गं?"

"हळू बोल. माईक चालू आहे." तिने तो बंद केला. "ताई, लोकांना सांगताना मी-मी म्हटलं की ते ऐकतात. माझी बहीण न्यायची असं म्हटलं की विचारतात, मग ती कुठेय?"

"मग सांगायचं ना, मेली नाहीये म्हणून! आणि हे काय आहे?" मी पत्रक तिच्या छातीवर दाबलं. "पुतणी कोण? कुणाची पुतणी? मला तरी दाखव."

तिने पत्रकाकडे बघितलंच नाही. म्हणजे तिला माहीत होतं. "ते मी नाही सांगितलेलं. आत भिंतीवरही तसंच आहे. माझ्याकडून फोटो नेला तेव्हा मी सगळं नीट लिहून दिलं होतं. पण ह्या संग्रहालयवाल्यांनी जुन्या लोकांच्या मुलाखती घेतल्या ना, कुईमावशीने छातीठोक सांगितलं, ती पुतणी आहे म्हणून. तिच्या बोलण्यावर ह्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास."

"आणि तू दीड वर्षं ह्या भिंतीपुढे उभी राहून टूर देतेस."

"मी सांगणार होते गं बदलायला."

"मग?"

पीश्या माझी सख्खी बहीण आहे, आणि खोटं बोलताना तिच्या मानेवर लाल डाग येतात. ते आले नाहीत. ती म्हणाली, "मला वाटलं, तू कुठे येणारेस इथे." आणि मग, शाळेतल्या बाईच्या नव्हे तर लहानपणीच्या आवाजात, "आणि इथे आल्यावर ना ताई, ते फक्त माझे बाबा असतात. छान वाटतं ते. तुझ्यादेखत मला कधी मोकळेपणी बाबा म्हणता आलंय? प्रत्येक वेळी तू अशी बघायचीस." मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिचं खरं होतं, म्हणूनच. मी म्हटलं, "कुठे आहे ती कुईमावशी? जिवंत आहे ना?"

जिवंत होती. वरच्या वळणावर तिच्या सुनेचं अरवीच्या गोळ्यांच्या गोड सूपचं दुकान, आणि ही दुकानाच्या तोंडाशी स्टुलावर बसून अरवी सोलत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली, आईची जिवाभावाची. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि सोलायची सुरी खाली ठेवली. "छायुन ना गं तू? ये. पीश्या, तिला स्टूल दे. केवढी वाळलीस! तैपेईत खायला मिळत नाही की काय?"

मी बसले नाही. मी पत्रक तिच्यापुढे धरलं आणि जे बोलायचं ते बोलले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. एवढं आठवतं की सून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. मी म्हटलं, जन्मभर मुळावर आलेली म्हणून ऐकून घेतलं, आता मेलेल्या माणसाच्या भिंतीवरही मला मुलगी म्हणून जागा नाही का? तो गेल्याला एकतीस वर्षं झाली, आता मी त्याचं काय वाकडं करणार आहे? तुझं काय गेलं असतं गं मावशी, मुलगी म्हणाली असतीस तर?

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला, मला वाटतं वर्षांचा, आणि म्हणाली, "झाली ना तुझी साठी? मग आता सांगायला हरकत नाही. बस खाली. तू कुठली गं मुळावर येतेस? उलट होतं ते. तो तुझ्या मुळावर होता."

मी बसले.

"तुझ्याआधी दोन मुलगे झाले, माहितीय ना? दोघेही गेले. एक सहा महिन्यांचा, एक वर्षाचा. दुसरा गेला तेव्हा तुझा बाप कीलुंगच्या आंधळ्या ज्योतिषाकडे गेला, आमचे हे सोबत होते. ज्योतिषी म्हणाला, ह्या माणसाला जे बाप म्हणेल ते पोर टिकायचं नाही. साठ वर्षांचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत पोराने त्याला बाप म्हणायचं नाही, आणि मुख्य म्हणजे का, ते पोराला कळता कामा नये. पोराला ठाऊक असलं की ते नाटक होतं, आणि नाटक वरच्यांना कळतं. म्हणून उलटं सांगायचं ठरलं. तू बापाला वाईट आहेस म्हणून. तुझ्या आजीला काय, बोलायला निमित्तच हवं होतं, तिने जरा जास्तच मनावर घेतलं. खाणीत तो तुझ्याकडे बघायचासुद्धा नाही, आठवतं? आमचे हे सांगायचे, बोगद्यात मागे वळला की तोंड धुऊन घ्यायचा, घोटभर प्यायच्या पाण्याने. बाकीचे ओरडायचे, पाणी फुकट घालवतो म्हणून."

पाऊस छपरावर वाजत होता. पीश्या माझ्या मागे उभी होती, मला ती दिसत नव्हती. ती म्हणाली, "आणि मी?"

"तू काय?"

"माझी पत्रिका स्वच्छ होती ना?"

"तुझी कसली पत्रिका! ज्योतिषाने काय एका पोरीपुरतं सांगितलं होतं? तुलाही काकाच म्हणायला शिकवायचं ठरलं होतं. तुझ्या बापाने ऐकलं नाही. माझ्या देखत तुझ्या आईशी भांडला. म्हणाला, चार वर्षं काका-काका ऐकून कान किटले माझे. एकीच्या तरी तोंडून ऐकू द्या मला. पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

"होऊ दे म्हणजे?" पीश्याचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे माझं काही झालं असतं तर?"

"झालं का? नाही ना? मग!" कुईमावशीने सुरी उचलली. "चांगली धडधाकट आहेस, सरकारी पेन्शन खातेयस."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. आनंद झाला. रडू वगैरे नाही आलं, कसलं कारुण्य नाही. पोटातून वर चढत गेलेला निखळ, दुष्ट आनंद. मला त्याने जपलं होतं. हिला नाही. हिचा त्याने जुगार खेळला होता. मी मागे वळून पीश्याचं तोंड बघितलं, आणि ते तोंड मला इतकं ओळखीचं होतं की मी बघतच राहिले. खुर्चीच्या बाजूला उभ्या असलेल्या त्या काटकुळ्या मुलीचं होतं ते. पण आनंद पुरता ओठांपर्यंत यायच्या आत त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. कान किटले माझे. म्हणजे रोज दुपारी ती चढण चढून मी जी हाक मारत होते, गळ्याच्या शिरा ताणून, तिने त्याचे कान किटत होते. त्याला ऐकायचं होतं ते दुसरंच, आणि त्यासाठी तो स्वतःच्या पोरीचा जीवही टांगणीला लावायला तयार झाला, आणि ते त्याला हिच्याकडून मिळालं. मग ती दहा महिन्यांची असताना तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला तो ह्याचसाठी. घाबरला असेल. खूशही झाला असेल. दोन्ही हिच्यामुळे. माझ्यासाठी कधी खूश झाला होता का तो? जपलं, ठीक आहे. माणूस काचेचं भांडंही जपतो. मला पुन्हा हेवा वाटायला लागला, नव्याने, आणि आता तर मला तो नीट कशाचा वाटून घ्यावा हेही कळेना.

"पण मावशी," मी म्हटलं, "माझी साठी कुठे झालीय? मला अठ्ठावन्न आहेत."

म्हातारीच्या हातातली अरवी खाली पडली. "अठ्ठावन्न? घोड्याच्या वर्षी ना गं जन्म तुझा?"

"हो. पण घोड्याचं वर्ष बारा वर्षांनी येतं, आणि माझं पाचवं, साठीचं, यायला अजून दोन वर्षं आहेत."

"अगं बाई! मी आपली मोजत बसले आमच्या गावच्या वयाने, जन्मताच एक धरून, आणि वर एक चुकलं." तिने स्वतःच्या तोंडावर चापट मारली, मग दुसरी, मग डाव्या बाजूला तीनदा थुंकली आणि वरच्या दिशेला हात जोडून मोठ्याने, सगळ्या वळणाला ऐकू जाईल असं ओरडली, "खोटं होतं हो सगळं! म्हातारीची बडबड! ही पुतणीच आहे त्याची, पुतणी!" सूप खाणारी दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग ती माझा हात धरून पुटपुटली, "तुझ्या आईला शब्द दिला होता मी, म्हणून ती मुलाखतवाली पोरं आली तेव्हा पुतणी सांगितलं. भिंतीवर लिहिलेलं पण वाचतात गं ते वरचे. दोन वर्षं. तेवढी दोन वर्षं ती पाटी तशीच राहू दे. मी असेन-नसेन." तिच्या हाताला अरवीचा चीक लागलेला होता आणि माझ्या मनगटाला खाज सुटली होती, पण मी हात सोडवून घेतला नाही.

पायऱ्या उतरताना पीश्या पुढे होती, भराभर, कठड्याला न धरता. मी मागे. आमच्या घरात शिरली ती थेट ऑफिसातल्या युनजूला हाक मारतच. ती चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी फोटोंच्या काचा पुसत होती. "युनजू, ती भिंतीवरची पट्टी काढ. आत्ताच्या आत्ता. पुतणी नाही, थोरली मुलगी. छायुन. ही बघ, ही समोर उभी आहे."

"अय्या, या त्या का?" युनजू म्हणाली. "सॉरी हं मावशी. आमची मोठीच चूक झाली. मी लगेच तात्पुरती पट्टी छापून आणते."

"आणायची नाही," मी म्हटलं.

"आण गं तू," पीश्या म्हणाली.

"हात लावायचा नाही त्या पट्टीला!"

"मघाशी तूच भांडायला आली होतीस ना?" पीश्या माझ्यावर वळली. मानेवर डाग नाहीत, सगळा चेहराच लाल. "मुलगी लिहा म्हणून! मग घे ना! घे मुलगी! लिहू दे सगळ्यांना, दोघी मुली, दोघी सारख्या! तू मानतेस हे सगळं? आंधळ्या ज्योतिषाचं? तू, जी आईच्या श्राद्धालासुद्धा उशिरा येतेस?"

"मी कशाला मानू? त्याने मानलं होतं."

"माझ्या वेळी का नाही मानलं मग?" ती ओरडली. माईक बंद होता, तरी बाहेरच्या छत्र्या थांबल्या. "चार वर्षांत काय बदललं? तुझ्यासाठी एवढं सगळं, सगळं गाव कामाला लावलं, आजीला, शेजाऱ्यांना, खाणीतल्या लोकांना, आणि माझी वेळ आली तेव्हा कान किटले म्हणे! ते बाबा-बाबा मी आयुष्यभर मिरवत आले, ताई. दीड वर्षं माईकवर सांगतेय. आणि ते काय होतं? काय होतं ते?"

मला उत्तर येत होतं. ते तिला दिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती दहा महिन्यांची असताना काय झालं होतं ते मी पाहिलं होतं, तिने नव्हतं. वाटी खाली ठेवणं, अंगणात जाणं, निवलेला भात. दोन वाक्यांचं काम होतं. मी नाही सांगितलं. ते एवढं एक माझ्याकडे होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. पीश्या माझ्या झोपायच्या फळीवर, त्या नव्या रजईवर बसली आणि तोंड झाकून रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

युनजू बिचारी फडकं हातात धरून उभी होती. "मग मावशी, नक्की काय करू? ठेवू का तसंच?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. "मग मी स्वतः येईन आणि सांगेन."

दारातून एक बाई आत आली, रेनकोट निथळत होता, बरोबर तिची म्हातारी आई. टूरमधली असावी. तिने रडणाऱ्या पीश्याकडे बघितलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटली. "अय्या! तुम्ही दोघी ह्या फोटोतल्या, हो ना? ह्यातली मुलगी कुठली?"

पीश्याने तोंडावरचे हात काढले नाहीत.

"ती," मी म्हटलं. "मी पुतणी."